कोणासाठी, ते विचारायचं नाही

नाव काय, गाव कोणतं, असं त्यांनी मला विचारलंच नाही. चंदीगडच्या मराठी मंडळाचा गणपती होता. मी नुकताच बदली होऊन आलेला, बायकोनं हातात दिलेलं मोदकांचं ताट सांभाळत चपला कुठे काढाव्या या विचारात दारात उभा होतो. एक उंच, काटक, पांढऱ्या मिशांचा माणूस समोर आला. त्यानं माझं कोपर दोन बोटांनी चाचपलं आणि समाधानानं मान हलवली.

"नस चांगली आहे. गट कोणता?"

मराठी मंडळ म्हटल्यावर मला आधी वाटलं, इथेही निवडणूक लागलेली दिसते. मी सावधपणे म्हणालो, "मी नवीन आहे हो. मी कुठल्याच गटात नाही."

"रक्ताचा रे लेका! रक्ताचा गट."

कॉलेजात असताना कुठल्याशा शिबिरात तपासलेला गट माझ्या लक्षात होता. ओ निगेटिव्ह, असं मी म्हटल्याबरोबर त्यांनी मला मोदकांच्या ताटासकट मिठी मारली. "म्हणजे तू आमच्या गोत्रातला! मी पण तोच. शंभरात एक-दोन निघतात आपल्यातले." त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं त्यांनी मला ओ निगेटिव्ह याच नावानं हाक मारली. ऑफिसात फोन करायचे तोही असा: "जरा ओ निगेटिव्हना बोलवता का?" आमचा हेडक्लार्क फोनवर हात ठेवून साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायचा, "ओ जी निगेटिव्ह साहब, आपका फोन!" मी कामचुकार आहे म्हणून हे नाव पडलं, असं तिथले निम्मे लोक समजत होते.

त्यांना सगळे वॉरंटसाहेब म्हणत. हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते, विमानांच्या इंजिनांचं काम. मूळ गाव साताऱ्याकडचं. शेवटची नेमणूक चंदीगडला झाली आणि निवृत्त झाल्यावर ते तिथेच राहिले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. सेक्टर वीसमध्ये एका सरदारजींच्या घराच्या गच्चीवरची एक खोली भाड्यानं घेतली होती. खोलीत एक लोखंडी खाट, एक स्टोव्ह, गणपतीची तसबीर आणि बाहेर जिन्याला साखळीनं बांधलेली सायकल. त्या सायकलवरून रोज सकाळी साडेआठला ते मोठ्या सरकारी इस्पितळात जात. खेड्यापाड्यांतून आलेल्या रोग्यांचे नातेवाईक रक्तपेढीच्या बाहेर गोंधळून उभे असत. रक्त दिलं की माणूस कायमचा वाळतो, ही त्यांची खात्री. वॉरंटसाहेब त्यांच्यासमोर शर्टाची बाही वर करून आपला दंड दाखवत. "मैं छत्तीस बार दे चुका हूँ. वाळलोय का?" त्यांच्या हिंदीत अधूनमधून अशी मराठी घुसायची, पण दंड बघून माणसांना अर्थ कळायचा.

रक्तपेढीत साठीनंतर रक्त घेत नसत. त्यामुळे गेली तीन वर्षं वॉरंटसाहेब तिथे अठ्ठावन्न वर्षांचे होते. एरवी खोटं न बोलणारा हा माणूस त्या एका खिडकीपाशी बिनदिक्कत खोटं बोलायचा.

त्यांची भक्ती पण अशीच त्यांच्या पद्धतीची. रोज संध्याकाळी आंघोळ करून ते गणपतीसमोर सावधान उभे राहत आणि दिवसाचा रिपोर्ट देत. मी एकदा स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. "आज चार बाटल्या लागल्या. तीन मिळाल्या. एक कमी पडली, उद्या बघतो." मग टाचा जुळवून एक नमस्कार. देवाकडे काही मागताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "वरिष्ठांना रिपोर्ट द्यायचा असतो. काम आपलं असतं."

मंडळातही त्यांनी एक नियम करून ठेवला होता. पहिली आरती त्यानं धरायची, ज्यानं त्या वर्षात रक्त दिलंय. आमच्यातले कर्नल, इंजिनिअर, बँकवाले एरवी एकमेकांना मागे सारायला टपलेले. आरतीच्या मानासाठी सगळे निमूट सुई टोचून घेऊन आले. वॉरंटसाहेबांना लोकांच्या भक्तीपेक्षा लोकांच्या मानापमानाची जास्त चांगली माहिती होती, असं मी म्हणायचो. ते मिशीत हसायचे.

ती वर्षं कशी होती, हे आता सांगितलं तर खोटं वाटेल. रोज सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. पंजाबात आज अतिरेक्यांनी बस अडवली, काल बाजारात गोळीबार झाला. चंदीगडचे रस्ते तसेच रुंद आणि स्वच्छ, चौकाचौकांत फुलं तशीच फुललेली, पण प्रत्येक चौकात वाळूची पोती आणि त्यामागे बंदुका. अंधार पडायच्या आत दुकानं बंद. बेवारस ट्रान्झिस्टर, डबा, पिशवी दिसली तर हात लावू नका, असं सारखं सांगितलं जायचं. आणि वॉरंटसाहेब नेमका एक मोठा पितळी डबा सायकलला लावून हिंडायचे.

त्या डब्यात शिरा असायचा. रोज पहाटे उठून ते स्वतः करायचे, साजूक तुपातला. रक्त देऊन बाहेर आलेल्या प्रत्येकाच्या तळहातावर एक चमचा. "प्रसाद," एवढंच म्हणायचे. एकदा इस्पितळाच्या फाटकावर नव्या पोलिसानं तो डबा बघून बंदूकच रोखली. माणसं पळाली. वॉरंटसाहेब हात वर करून शांतपणे म्हणाले, "खोलो, खाओ, फिर बोलो." त्यानं लांबूनच काठीनं झाकण उडवलं. आत वाफाळता शिरा. चार चमचे खाऊन झाल्यावर वॉरंटसाहेबांनी त्याला विचारलं, "ग्रुप कौन सा है?" पुढे तो पोलीस दर तीन महिन्यांनी येऊन बाटली देऊन जायचा. त्याला ते बी पॉझिटिव्ह म्हणायचे.

शीख माणूस प्रसाद घेतो तो दोन्ही हातांची ओंजळ करून. आपण उजवा हात पुढे करतो, डावा खाली. त्या काळात एवढ्याशा गोष्टीवरून पण शेजारचा माणूस कोण हे लोक हेरायचे आणि अंतर ठेवायचे. "पण इथे बघ," वॉरंटसाहेब मला एकदा म्हणाले. "सुई काढली की कापूस लावून कोपर दुमडून धरावं लागतं. म्हणजे एक हात अडकला. इथे सगळे एकाच हातानं घेतात." हे सांगताना त्यांना इतका आनंद झाला होता की डोळे चमकत होते.

त्यांच्याकडे एक वही होती. रक्त देणाऱ्यांची. तिच्यात एकही नाव नव्हतं. चंदीगड हे आकड्यांचं शहर, सेक्टर आणि घराचा नंबर सांगितला की माणूस सापडतो. वहीत तेवढंच असायचं. 'बावीस-बी, चोवीसशे सतरा, वरचा मजला, ए पॉझिटिव्ह, नऊच्या आत.' मी म्हटलं, "नावं का नाही लिहीत?"

"नाव लिहिलं की मागून आडनाव येतं. आणि हल्ली आडनाव आलं की माणसं बाजूला सरकतात."

आणि रक्त देणाऱ्यांसाठी त्यांचा एकच नियम होता. तो प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितला जायचा, हिंदीत, मराठीत, मोडक्या पंजाबीत. रक्त कोणासाठी, ते विचारायचं नाही. कोणी दिलं, तेही विचारायचं नाही.

हा नियम कुठून आला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही रक्तपेढीबाहेरच्या बाकावर चहा पीत बसलो होतो. लग्नानंतर दोन वर्षांनी ते आसामकडच्या एका तळावर होते. तिथे बायकोचं बाळंतपण अडलं. मूल गेलं. बायकोला रक्त लागणार होतं आणि हे स्वतः नुकतेच मलेरियातून उठलेले, यांचं डॉक्टर घेईनात. युनिटमधला कोणीतरी जवान आला, रक्त देऊन नाव न सांगता निघून गेला. "महिनाभर मी शोधत फिरलो रे. सगळ्या बराकी पालथ्या घातल्या. कोणीच कबूल होईना. तिला त्यानंतर चौदा वर्षं मिळाली. मला चौदा वर्षं मिळाली. मग मी ठरवलं, सापडत नाही ना, मग समोर येईल तो प्रत्येक माणूस तोच आहे असं समजायचं." चहाचा ग्लास खाली ठेवून ते उठले, कारण खिडकीपाशी कोणीतरी गोंधळून उभं होतं.

आता मला जे सांगायचं आहे, ते सांगायला हवंच.

माझ्या शेजारच्या टेबलावर मदन नावाचा माणूस बसायचा. पंजाबी हिंदू, माझ्याच वयाचा. मला पंजाबी शिव्या त्यानं शिकवल्या आणि माझ्या बायकोला राजमा त्याच्या बायकोनं. तो रोज शेजारच्या गावाहून बसनं यायचा. चंदीगडात घर घे म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो होतो. एका सोमवारी तो आला नाही. त्याची बस वाटेत अडवली होती, माणसं निवडून खाली उतरवली होती. त्याच्या टेबलावर शनिवारी अर्धवट सोडलेली फाईल उघडी होती आणि तिच्यावर त्यानं पेन तसंच ठेवलं होतं. ते पेन उचलायची माझी बरेच दिवस हिंमत झाली नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी फोन आला. "ओ निगेटिव्ह, लगेच निघ. आपल्या गोत्रातला आहे."

मी स्कूटरवरून गेलो. रक्तपेढीकडे जाताना एका वॉर्डाच्या दारात चार पोलीस दिसले. माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. मी एकाला विचारलं, आत कोण आहे.

"मुकाबले वाला मुंडा है जी. गोली लगी है," तो जांभई देत म्हणाला. "डॉक्टर खून मांग रहे हैं. पता नहीं कौन देगा."

पोलिसांशी चकमकीत पकडलेला अतिरेकी, एवढं मला कळलं. दाराच्या काचेतून मला खाट दिसली. विशीतला पोरगा, दाढी पुरती आलेली नाही, एक हात बेडीनं खाटेला अडकवलेला. मी तसाच वॉरंटसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"त्याच्यासाठी?"

त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "विचारायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?"

"मदनला मारलं त्यांनी. माझं रक्त त्यांना देऊ?"

"यानं मारलं का, मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. मला त्याचा गट माहीत आहे."

"मी देणार नाही."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी भांडायच्या तयारीनंच उभा होतो. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं, "बरं," म्हणाले, आणि वही उघडून पानं चाळू लागले. मी निघून आलो. घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंत." मलाही तसंच वाटत होतं. पण जेवण गेलं नाही.

पुढचं मला त्यांच्या घरमालक सरदारजींकडून कळलं. त्या दिवशी आमच्या गोत्रातलं दुसरं कोणी गावात मिळालं नाही. वॉरंटसाहेबांनी सहा आठवड्यांपूर्वीच रक्त दिलं होतं. त्यांनी नेहमीच्या खिडकीतला माणूस जेवायला जाईपर्यंत वाट पाहिली, नव्या माणसाला आपलं वय अठ्ठावन्न सांगितलं, मागची तारीख लपवली आणि पुन्हा दिलं. सायकल स्टँडपर्यंत चालत गेले आणि तिथेच बसले. सरदारजी त्यांना रिक्षात घालून घरी घेऊन आले. तरी संध्याकाळी गच्चीवरून रिपोर्ट ऐकू आलाच. सरदारजींना मराठी येत नव्हतं, पण इतकी वर्षं ऐकून एक वाक्य त्यांना पाठ झालं होतं, आणि त्या दिवशीही तेच ऐकू आलं होतं. "ओदों वी ओही बोले जी. 'एक कमी पडली.'"

तो पोरगा वाचला की नाही, हे मी कोणाला विचारलं नाही आणि मला आजवर कळलेलं नाही. मी नियम पहिल्यांदा नीट पाळला तो असा, भीतीपोटी.

महिन्याभरानं मंडळाच्या सभेत वॉरंटसाहेब भेटले. मी जरा बिचकतच पुढे गेलो. त्यांनी हसून नमस्कार केला आणि मला आडनावानं हाक मारली. पुढे 'साहेब' लावून. "कसे आहात? घरी सगळे ठीक?" म्हणाले. माझं आडनाव त्यांना माहीत होतं, हेच मला तेव्हा कळलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ते त्यांच्या तोंडून ऐकलं आणि कोणीतरी घराबाहेर काढून आतून कडी लावावी तसं झालं. तोंडातून एक शब्द वाकडा गेला नव्हता. चहा दिला, गणपतीच्या वर्गणीचं बोलले. पण कोपर चाचपलं नाही.

मग मी माझ्या परीनं धडपडायला लागलो. तीन महिने झाले की न बोलावता जाऊन रक्त देऊन यायचो, कोणासाठी हे न विचारता. त्यांच्यासमोर मुद्दाम दुमडलेलं कोपर घेऊन उभा राहायचो. ते शिऱ्याचा चमचा तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आभारी आहे, साहेब." आभार! गोत्रातल्या माणसाचे कोणी आभार मानतं का? मला रागही यायचा. मदन माझा मित्र होता, माझं दुःख काही खोटं नव्हतं. ते आजही खोटं वाटत नाही. पण त्या नावाशिवाय मला त्या शहरात परक्यासारखं वाटायला लागलं होतं, हेही तितकंच खरं. दीड वर्ष असं गेलं. मग माझ्या बदलीची ऑर्डर आली, नागपूरला. बायकोला आनंद झाला. मी मात्र मनाशी म्हणत होतो, आता मी साहेब म्हणूनच इथून जाणार.

जायच्या आठ दिवस आधी सकाळी दहाच्या सुमाराला सरदारजी स्वतः माझ्या क्वार्टरवर आले. त्या दिवशी बंद होता, ऑफिसं उघडलीच नव्हती. ते धापा टाकत होते. वॉरंटसाहेबांच्या पोटातला जुना अल्सर फुटला होता. पहाटे रक्ताची उलटी झाली, शेजाऱ्याच्या गाडीतून इस्पितळात पोचवलं होतं. सरदारजींच्या हातात ती वही होती. रक्तपेढीनं साठ्यातल्या बाटल्या दिल्या होत्या, पण बदल्यात तितक्याच, कुठल्याही गटाच्या, भरून हव्या होत्या, आणि आमच्या गोत्रातली आणखी एक लागणार होती.

"मैनूं पढ़नी नहीं आंदी. तुसी पढ़ो, घर मैं दस्सांगा."

आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. रस्ते ओस. दर चौकात पोलीस थांबवायचे, आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघायचे, एक पगडीवाला आणि एक चष्म्यातला मराठी, आणि सोडून द्यायचे. कडेला थांबून मी वहीतला नंबर वाचायचा, सरदारजींनी मागून हात करून गल्ली दाखवायची. पहिल्या दारावर मी घंटा वाजवली. एक मध्यमवयीन बाई आली. मी एवढंच म्हणालो, "खून चाहिए." तिनं आत जाऊन गॅस बंद केला, चप्पल घातली आणि म्हणाली, "चलो." दुसऱ्या दारात एक म्हातारे शीख दाढी बांधत होते. त्यांनी हातातला कपडा तसाच बाजूला ठेवला. तिसरीकडे एक कॉलेजातली मुलगी, तिची आई नको नको म्हणत असताना बाहेर आली. एवढ्या बंदमध्ये, एवढ्या भीतीत, माणसं स्कूटर काढत होती, सायकल काढत होती, चालत निघत होती.

आणि एकानंही विचारलं नाही, कोणासाठी.

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पाचव्या की सहाव्या दारात मी म्हणायला लागलोच, "अपने वारंट साहब..." सरदारजींनी माझ्या दंडावर हात ठेवला. डोळे त्यांचे भरलेले होते, पण मान ठाम हलली. नाही.  सेक्टर बावीसच्या त्या जिन्यात उभा असताना मला काय वाटलं, ते मी सांगतो. मला माझी लाज वाटली. तेवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

रक्तपेढीबाहेर रांग लागली. शेवटी मी पण आत जाऊन आडवा झालो. आमच्या गोत्रातलं त्या दिवशी दुसरं कोणी नव्हतंच. मी बाहेर आलो तेव्हा सरदारजींची बायको भांडं घेऊन उभी होती. तिनं कणकेचा कडाह प्रसाद करून आणला होता, तपकिरी, तुपानं निथळणारा. पितळी डबा मात्र तोच, वॉरंटसाहेबांचा. आम्ही सगळे कोपर दुमडून उभे होतो आणि एकेक जण एका हातानं घेत होता. तो फाटकावरचा बी पॉझिटिव्ह पण होता, बंदूक खांद्याला लटकावून.

संध्याकाळी चारच्या सुमाराला त्यांना भेटू दिलं. सरदारजी बाहेर थांबले, मला म्हणाले, "पहलां तुसी." वॉरंटसाहेब खाटेवर पडले होते. चेहरा पांढराफटक, मिशा विस्कटलेल्या. वर लावलेल्या बाटलीतून रक्त थेंब थेंब खाली येत होतं. मी खाटेजवळ गेलो. सगळं वाटेत जुळवून ठेवलं होतं: चुकलो, मदनचं दुःख मोठं होतं, मला माफ करा, मी आठ दिवसांनी जातोय. 

त्यांनी डोळे उघडले. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. दुमडलेल्या कोपराकडे बघितलं. मग वरच्या बाटलीकडे. मग पुन्हा कोपराकडे. विचारलं काहीच नाही. ते कसे विचारतील?

"प्रसाद घेतलास का, ओ निगेटिव्ह?"

मी खाटेचा कठडा धरला आणि लहान मुलासारखा रडायला लागलो.

"रडतोस काय, लेका," ते पुटपुटले. "कोपर दाबून धर."